ऐकण्याची ड्यूटी

भूगोलाच्या शिक्षिकेला भूगोलाच्या पेपरला वर्गावर पाठवत नाहीत, तशी पद्धतच आहे. त्यामुळे दहावीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी सगळी शाळा धावपळीत असते आणि मी शिक्षकखोलीत रिकामी बसून असते. यंदाही बसले होते. अकराची घंटा झाली, पावलांचे आवाज थांबले. पलूसला मार्चमध्ये खिडकी उघडी ठेवली की बेदाण्याच्या शेडवरून धुरीच्या गंधकाचा वास आत येतो. आधी गोडसर, मग घशाला खवखव. तो वास आला आणि मी उठून खिडकी लावली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, कुणाला त्रास होणार नव्हता, तरी लावली.

ती सवय त्या वर्षाची आहे. त्या वर्षी भूगोलाचा पेपर झालाच नाही. आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला. मुलांना सरासरीनं गुण दिले. माझ्या विषयाचे गुण बाकीच्या विषयांवरून ठरले, याचं मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण त्या दिवसांत माझं सगळं लक्ष घरातल्या दोन यंत्रांवर होतं. एक आण्णांना श्वास पुरवत होतं. दुसरं आकाश ऐकत होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. कोरेगावजवळच्या खेड्यातले. फौजेत वायरलेस ऑपरेटर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर ऊस चुलतभावांच्या हवाली करून ते माझ्याकडे पलूसला आले. माझा धाकटा भाऊ फौजेतच, सीमेवर. माझे पती पुण्याला कारखान्यात, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि आण्णा.

संगणकावर तो प्रोग्राम आमच्या शाळेतल्या सिद्धार्थ सरांनी घालून दिला होता. ते संगणक शिकवतात. मी वर्गात सूर्यमाला शिकवत होते तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमचा संगणक दिवसभर नुसता चालू असतो. त्याची ताकद दान करा की." परदेशात कुठेतरी एक भलीमोठी दुर्बीण आहे, ती आकाशातल्या रेडिओ लहरी टिपते. त्यात कुण्या दूरच्या जिवानं पाठवलेला संदेश आहे का, हे शोधायला एका संस्थेचे संगणक पुरत नाहीत. म्हणून ते त्या नोंदींचे बारीक तुकडे करून जगभरच्या घरांत पाठवतात. आपला संगणक मोकळा असला की तो तुकडा तपासतो, निकाल परत पाठवतो आणि पुढचा मागवून घेतो. माणसानं काही करायचं नाही. पडद्यावर रंगीत सुळक्यांचा एक आलेख हलत राहतो, तेवढाच तो काम करतोय याचा पुरावा.

आण्णा आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आलेख बघत उभे राहिले.

"सुमे, कुणाचा सेट हाय ह्यो?"

मी समजावलं. घरी त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा आपोआप कोरेगावला जाते. "तिकडं वर कोन हाय का, ते ऐकतंय ह्ये."

"मग आजवर बोललं कोन?"

"अजून न्हाई."

"किती वर्सं झाली?"

"वीसेक असतील."

आण्णांनी खुर्ची ओढली आणि बसले. शेजारच्या काकू आल्या की विचारायच्या, लाईटबिल वाढत नाही का, त्याचं काय मिळतं? आण्णा म्हणायचे, "वैनी, सेंट्रीला कोन इचारतं का, आज किती चोर आलं म्हनून?" काकू हसायच्या. तो प्रश्न मग कायमचा मिटला.

मी तपासलेल्या वह्या रचत असे आणि ते त्या पडद्यासमोर पेपर वाचत. मध्येच चष्म्यावरून वर बघत. तुकडा संपून नवा आला की मला हाक मारून सांगत, स्वयंपाकघरात दूध उतू जात असलं तरी. एकदा त्यांनी मला बर्फातल्या चौकीची गोष्ट सांगितली. गस्तीला गेलेली पाच जणांची तुकडी संपर्काबाहेर गेली होती. चौकीवरच्या सेटची बॅटरी उतरत आलेली. वरिष्ठांनी हुकूम दिला, तासातली पंधरा मिनिटंच सेट चालू ठेवायचा. आण्णांनी हुकूम पाळला. पाच जण परत आले नाहीत. "त्या बंद पंचेचाळीस मिंटांत त्यास्नी काय बोलायचं आसंल तर?" आण्णा म्हणाले. "बोलले आसतील न्हाईतर नसतीलबी. मला म्हाईत न्हाई. ह्येच वंगाळ, म्हाईत न्हाई." पुढे त्यांनी पेपरची घडी घातली आणि उन्हातले कपडे आत आणायला गेले. ही गोष्ट त्यांनी मला तेवढी एकदाच सांगितली.

मग त्यांची फुफ्फुसं आकसू लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. खालचा भाग जाळीसारखा दिसत होता. औषधानं वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. आण्णा त्यांना म्हणाले, "मोठ्यानं बोला सायेब, मी काय घाबरत न्हाई." त्या दिवाळीनंतर घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. लहान कपाटाएवढं, चाकांवरचं. ते हवा आत ओढी, धप् करी, सुस्कारा सोडी. पारदर्शक नळी आण्णांच्या कानांवरून नाकापर्यंत. बसल्या जागी ते ठीक असत. पाच पावलं टाकली की ओठ निळे. म्हणून त्यांची खाट आतल्या खोलीत, संडासाजवळ. संगणक बाहेरच्या खोलीत. मधे एक भिंत.

त्यामुळे ते विचारू लागले. सकाळी चहाबरोबर, मी शाळेतून आल्यावर. "चालू हाय नव्हं?"

"चालू हाय, आण्णा."

तेव्हा ते खरं होतं.

मार्च आला. साथीमुळे शाळा बंद झाली, भूगोलाचा पेपर लांबला आणि पाडव्याच्या सुमारास सगळा देशच बंद झाला. पती पुण्यात अडकले. चौकात बांबू आडवे बांधले. द्राक्षाच्या गाड्या जागेवर थांबल्या, न गेलेली द्राक्षं बेदाण्याला टाकली गेली आणि त्या साली गंधकाचा वास गावावरून हलेना. दिवसभर आण्णांची खिडकी बंद ठेवावी लागे, आतला उकाडा वाढे. ऑक्सिजनचं जास्तीचं एक सिलिंडर आम्ही भरायला सांगलीला पाठवलं होतं, ते तिकडेच राहिलं. वीज दुपारी जायची, कधी अर्धा तास, कधी दोन तास. आमचा इन्व्हर्टर जुना. मी सिद्धार्थ सरांना फोन केला.

"मॅडम, बॅटरी दमलीय," ते म्हणाले. "नवी आता मिळणार नाही. ऑक्सिजनचं मशीन आणि संगणक दोन्ही ओढणार नाही ती. संगणक बंद ठेवा."

मी बंद केला. पडद्यावर अर्धाअधिक तपासून झालेला एक तुकडा होता, तसाच गेला. संध्याकाळी आण्णांनी विचारलं, "चालू हाय नव्हं?" आणि मी पिठाचे हात तसेच धरून म्हणाले, "चालू हाय."

मला त्यांना सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण बाहेर कुणाशी भेट नाही, मुलगा कुठल्या चौकीवर आहे याचा पत्ता नाही, जावई येऊ शकत नाही, आणि खाटेवरच्या माणसाच्या हातात एवढं एकच काम उरलेलं. ते मी कसं काढून घेऊ, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, एवढंच.

आठवडाभरानं मोबाइलवर मेल चाळताना एक न उघडलेली दिसली. त्या शोध घेणाऱ्यांनी पाठवलेली होती, बरीच जुनी. महिन्याच्या अखेरीपासून आम्ही नवीन काम पाठवणं थांबवत आहोत. इतक्या वर्षांत जमलेले निकाल आता बसून तपासायचे आहेत. तुमच्या संगणकांनी केलेल्या मदतीबद्दल आभार. मी ती दोनदा वाचली. महिनाअखेर कालच झाली होती. म्हणजे आता मी सगळं धाडस करून संगणक चालू केला असता तरी त्याच्याकडे तुकडा येणार नव्हता. माझं खोटं आता मलासुद्धा खरं करता येणार नव्हतं.

मग ते तसंच चालू राहिलं. सकाळी विचारणं, सकाळी सांगणं. काही वेळा ते पुढेही विचारत, "नवा तुकडा आला का?" मी म्हणे, "आला की, काल." एकदा म्हणाले, "हिरव्या सुळक्याचा का लाल?" मी म्हणाले, "हिरवा." त्यावर ते समाधानानं डोळे मिटून पडले. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवरच्या वाळलेल्या कपड्यांच्या उगाच पुन्हा पुन्हा घड्या घालत राहिले.

वळीव आला तो दुपारी तीनच्या सुमाराला. पश्चिमेकडून लाल धूळ उठली, पत्रे वाजले, समोरच्या आंब्याच्या कैऱ्या रस्त्यावर आदळल्या. वीज गेली. इन्व्हर्टरनं भार घेतला. वीस मिनिटांनी तो टीं टीं करू लागला. वायरमनला फोन लावला. तो भर पावसात कुठेतरी उभा होता. "ताई, दोन पोल आडवं झाल्यात. अंधार पडायच्या आत जमलं तर नशीब. आमी काय आभाळातनं लाईट आनू व्हय?" तो चिडला नव्हता, रडकुंडीला आला होता. रुग्णवाहिकेला फोन केला, त्यांची गाडी दुसरीकडे गेली होती. सिद्धार्थ सरांना केला. ते म्हणाले, "शाळेच्या संगणक कक्षातली बॅटरी काढतो. मुख्याध्यापकांना विचारतो. तुम्ही यंत्राजवळून हलू नका."

हलून जायचं तरी कुठं होतं? मी आण्णांच्या खाटेच्या कडेवर बसले. त्यांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा दिसत होता. शहाऐंशी. पंच्याऐंशी. बाहेर पाऊस थांबला होता आणि ओल्या मातीचा वास येत होता, जो आण्णांना फार आवडायचा. खिडकी उघडू की नको ते मला ठरवता येईना. इन्व्हर्टरची टीं टीं दाट होत होती. पंखा मी केव्हाच बंद केला होता. पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि त्या वाऱ्याचा काडीइतका उपयोग नाही हे मला कळत होतं.

आण्णांनी हातानं खुणावलं. मी कान जवळ नेला.

"सुमे, त्यो संगनक बंद कर. त्याची लाईट हिकडं घे."

मी पुठ्ठा हलवत राहिले.

"बंद कर म्हन्तो. वाईच थांबलं तर काय हुत न्हाई."

त्यांनी ते बोलायला दोन श्वास खर्च केले. मग मला राहवेना.

"आण्णा, त्यो बंदच हाय."

"लाईट गेली म्हनून?"

"न्हाई. पाडव्यापासनं बंद हाय. बॅटरी पुरत न्हवती. मी बंद केला."

ते माझ्याकडे बघत राहिले. यंत्र धप् करून सुस्कारत होतं.

"मी रोज इचारत हुतो."

"व्हय."

"तू चालू हाय म्हनत हुतीस. हिरवा म्हनालीस."

"व्हय, आण्णा."

मला वाटलं, हे एवढ्यावर थांबता कामा नये, त्यांना काहीतरी द्यायला हवं. म्हणून मी मेलचं सांगितलं. घाईघाईत, स्वतःला सोडवून घेत. "तसंबी त्यांनीच आता सगळं बंद केलंय, आण्णा. चालू असता तरी काम आलं नसतं."

त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. "घावलं काय त्यास्नी?"

"न्हाई. जमलेलं आता बसून तपासनार हायत. तसं पत्र धाडलंय सगळ्यांना. आभार मानल्यात."

"पत्र धाडलंय," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. चिमट्यावर ब्याऐंशी. मला वाटलं झोप लागली की काय, आणि मी त्यांचा खांदा हलवणार तेवढ्यात ते अगदी स्पष्ट बोलले.

"त्यांनी सांगून बंद केलं. तू न सांगता."

इन्व्हर्टर बंद पडला. यंत्र बंद पडलं. ती शांतता मी कुणाला सांगू शकत नाही. मी त्यांना उठवून बसवलं, पाठीशी बसले, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. श्वास मोजायला लागले आणि मोजायचं सोडून दिलं. ते किती वेळ चाललं, दहा मिनिटं की पंधरा, मला खरंच माहीत नाही. मग फाटकाशी दुधाची गाडी थांबली. चौकातून दुसरी कुठली गाडी सोडत नव्हते, म्हणून सिद्धार्थ सर कॅनच्या मधे बॅटरी ठेवून, वरून पोतं टाकून आले होते. ते आणि दूधवाला दोघांनी ती उचलून आणली. सरांनी वायरी जोडल्या. यंत्रानं हवा आत ओढली. आण्णांच्या ओठांचा रंग यायला लागला तेव्हा सर भिंतीला टेकून खाली बसले आणि ओल्या मास्कनं डोळे पुसू लागले.

वीज त्या दिवशी आलीच नाही. शाळेची बॅटरी मात्र पुरली.

आण्णा त्यानंतर आणखी चार महिने होते. माझ्यावर रागावले नाहीत. जेवताना भाजीचं कौतुक करत, भावाच्या रजेची चौकशी करत, सिद्धार्थ सरांना आशीर्वाद पाठवत. फक्त "चालू हाय नव्हं?" हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. संगणकाचं नाही आणि दुसरं कशाचंही नाही. टाकी भरली का, गॅस बंद केला का, डॉक्टर फोनवर काय म्हणाले, काही नाही. डॉक्टरांचा फोन आला की ते स्वतःच हात पुढे करत. बोटाचा चिमटा स्वतःच वळवून वाचत. ज्याचं उत्तर त्यांना स्वतः पडताळता येणार नाही, असं काहीही त्यांनी मला परत विचारलं नाही. मी वाट बघत असे. चहा देऊन उगाच दोन मिनिटं उभी राहत असे. विचारलं असतं तर मी खरंच सांगितलं असतं.

विद्यार्थ्यांना मी अजूनही सूर्यमाला शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम, तिकडे माणसं असतील का? मी म्हणते, माहीत नाही. हे दोन शब्द तोंडातून निघायला मला थोडा वेळ लागतो, एवढं मुलांच्याही लक्षात आलं असेल.

श्रावणात एका सकाळी आण्णा गेले. यंत्र चालू होतं, वीज होती, कशाचीही कमतरता नव्हती. स्मशानात आम्ही चौघंच. शेजारपाजारचे आपापल्या दारांत हात जोडून उभे राहिले, फाटकाच्या आत कुणी आलं नाही. येऊ नका, असं मीच सांगितलं होतं. भावाला रजा मिळाली नाही, मोबाइलवर त्याला दाखवत होतो, चित्र अडकत होतं. काकू लांबून डबा ठेवून गेल्या. घरात रडायला बायका जमल्या नाहीत, म्हणून मी रडले नाही. मला एकटीला ते सुरू कसं करायचं कळेना. नंतर एकदा मी संगणक लावला. पाडव्याला अर्धा राहिलेला तो तुकडा तसाच होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, मुदत संपली. कुणा दुसऱ्याच्या घरी तो केव्हाच तपासून झाला असणार.

पंधरवड्यानं आण्णांचा मोबाइल वाजला. कोरेगावचे बापू होते. आण्णांच्या पलटणीतले, तोफांच्या आवाजानं कान गेलेले. वर्षातून दोनदा फोन करायचे, स्वतःच बोलायचे आणि ठेवायचे.

"हवालदार हायत काय?"

"बापू, मी सुमन. आण्णा गेले."

"कुठं गेल्यात?"

"गेले, बापू. आण्णा गेले."

"बरं बरं. आलं की म्हनावं, बापूचा फोन आलता." आणि फोन बंद.

मी परत लावला नाही. पुढच्या दोन महिन्यांत तो फोन आणखी दोनदा वाजला आणि मी समोर बसून वाजू दिला. तोवर एसटी सुरू झाल्या होत्या. एका रविवारी सकाळी मी कराडवरून गाडी बदलून कोरेगावला गेले. बापूंचं घर विचारत विचारत सापडलं. ते दारात पोत्यावर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. मला बघून ओळखीचं हसले आणि माझ्या मागे रस्त्यावर बघायला लागले, आण्णा उतरायला उशीर करताहेत असं वाटून.

"बापू," मी म्हणाले, "आण्णा गेले."

त्यांनी कानाशी हात नेला. "तोंडावरचं काढ पोरी. मला व्हटं दिसंनात."

मी मास्क काढला. "आण्णा गेले, बापू."

"मोठ्यानं सांग."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तेव्हा मी ओरडले. जेवढा आवाज माझ्यात होता तेवढ्यानं, त्या अनोळखी गल्लीत, "आण्णा गेले," असं ओरडले, आणि मग मला थांबताच येईना. बापूंच्या मांडीवरच्या शेंगा ओट्यावर सांडल्या. समोरच्या घरातली एक बाई हातातलं काम टाकून धावत बाहेर आली, तिच्या मागून आणखी दोघी, आणि कोण, कुठली, काहीही न विचारता त्या माझ्याभोवती खाली बसल्या.